इतिवृत्त कायम करणे

विषय क्रमांक अकरा चहानंतर आला.
गल्ली नंबर पाच, उत्तरेकडून दक्षिणेकडे
एकेरी वाहतूक व सुशोभीकरण करणेबाबत.
सूचक लोटन बोरसे, अनुमोदक शमीम मन्यार,
लिहिणारा मी,
बावीस वर्षं टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर
जिथे धुळ्याच्या मे महिन्यात पंख्याचा वारा पोचत नाही
आणि सगळ्यांचं बोलणं पोचतं.

पडद्यावर नकाशा. सल्लागाराचा लाल ठिपका
गल्ली वरून खाली चाटत आला.
इथे पेव्हर, इथे बाक, इथे नक्षीचे खांब.
आणि ओटे जातील.
‘ओटे?’ कुणीतरी विचारलं.
‘रस्त्यात आलेले.’
ओटे कुठेच आले नव्हते. होते तिथेच होते,
रस्ता त्यांच्यापर्यंत आला होता.
पण मी सदस्य नाही.
परिशिष्ट ‘ब’ मीच टाइप केलं,
अनुक्रमांक एकतीस, दोन फूट चार इंच,
भोगवटादाराच्या रकान्यात माझं नाव,
आडनाव आधी, नियमाप्रमाणे.

मग रुक्माबाई खैरनार उठल्या,
तीन वर्षांत पहिल्यांदा.
‘नदी तठेच शे ना भो?
मंग कानबाई कथाईन जाई?’
सभागृह हसलं.
सल्लागाराने वही उघडून विचारलं,
त्या चालत जातात की वाहनाने?
मी लिहिलं : सविस्तर चर्चा झाली.
ठराव सर्वानुमते मंजूर.

ओटे सकाळी नऊला गेले.
निंबा पंक्चरवाल्याने आपलं घमेलं
पाणी न सांडता उचललं आणि बघत उभा राहिला.
माझ्या ओट्याखाली एक गोटी निघाली,
एक लहान चप्पल, डाव्या पायाची.
बायको म्हणाली, आता बसायचं कुठे?
म्हटलं, बाक येतोय.
बाक आला. त्याचं तोंड भिंतीकडे.

खोटं कशाला बोलू, हॉर्न कमी झाले.
शाळेच्या रिक्षा आता अडकत नाहीत.
दूधवाला तेवढा उलटा येतो, सायकल हातात धरून.
हातात धरली की ते वाहन नाही, म्हणतो,
आणि हे त्याला कुणी सांगितलं
ते सांगत नाही.

श्रावणातला सोमवार.
दक्षिण टोकाला नवा फलक,
लाल गोल, मधे पांढरी आडवी पट्टी,
कुंकवावर कुणी भस्माचं बोट ओढावं तसा.
फलकाखाली शिरसाठ हवालदार,
आणि फलकासमोर, डोक्यावर पाट,
पाटावर नथ घातलेली कानबाई.
मागे चाळीस बाया, एक बँड,
बँडमधला तुतारीवाला तेवढा थांबलेला.
शिरसाठची शिट्टी तोंडात होती.
ती त्याने फुंकली नाही, काढलीही नाही.
बाजूला सरकला फक्त,
आणि सरकताना टोपी काढली.

समोरून नियमाने येणाऱ्या मोटारसायकली
थांबल्या, बंद झाल्या,
आणि पाय टेकत टेकत, मागे बघत,
उलट्या गेल्या पार पांझरेपर्यंत.
कुणी कुणाला पावती फाडली नाही.

पुढची सभा कोरमअभावी दोनदा तहकूब.
तिसऱ्यांदा भरली. विषय क्रमांक एक :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
अर्ध्या मिनिटाचं काम. वाचत कुणी नाही.
रुक्माबाईंनी वाचलं होतं.
‘मना प्रश्न कोठे शे यामा?’
महापौरांनी माझ्याकडे पाहिलं.
मी पानांकडे.
सविस्तर चर्चा, ह्या दोन शब्दांखाली
बावीस वर्षांत मी किती माणसं झाकली
त्याचं परिशिष्ट नाही.
‘घ्या,’ महापौर म्हणाले, ‘घेऊन टाका.’

दोन ओळींच्या मधे जागा काढली.
प्रमाण मराठीत लिहायला पेन टेकवलं
आणि ते ‘नदी’पाशीच अडलं.
मग जसंच्या तसं लिहायला घेतलं.
‘कथाईन’मधली ई ऱ्हस्व की दीर्घ,
ह्या इमारतीत कुणाला विचारावं कळेना.
दारातल्या धुडकू शिपायाला विचारलं.
तो म्हणाला,
‘जसं बोलतस, तसं लिख.’